मशीनवर आकडे हिरवे, तरी गाडी टायर का खाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, ३२,००० किमी धावलेली. दर ५,००० किमीला अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) आणि बॅलन्सिंग केलं जातं, आणि मशीनवर आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, येतात. तरीही पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गोटा झाले आहेत, बाहेरच्या कडेला मात्र नक्षी शाबूत आहे. दुकानदार म्हणतो, 'कॅम्बर आउट आहे, जॅक लावून काढून देतो, दोन्ही बाजूंचे वेगळे पैसे पडतील.' हे करून घ्यावं का? आणि नवीन टायर घातल्यावर पुन्हा असं होऊ नये म्हणून काय पाहावं?

आत्ता कॅम्बरला, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती झुकलंय त्या कोनाला, हात लावू देऊ नका. दोन्ही टायर एकाच कडेने आणि जवळपास सारखे झिजले असतील तर पहिला संशय टोवर घ्यायचा, दुसरा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशवर, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरावर. कॅम्बरचा नंबर त्यानंतर. खड्ड्यात आपटून स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा खांब) किंवा नकल (चाकाला धरणारा धातूचा भाग) वाकतं तेव्हा ते बहुतेक वेळा एकाच बाजूचं वाकतं. दोन्ही बाजू मोजून-मापून सारख्याच वाकल्या, असं सहसा घडत नाही. शिवाय बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनीच पुढे थोडा निगेटिव्ह कॅम्बर देते, म्हणजे चाकाचा माथा किंचित आत झुकलेला असतो. उणे अर्धा अंश कॅम्बर दिसला म्हणून तो बिघाड ठरत नाही.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं कुठे वळलेली आहेत ते. पुढून एकमेकांकडे वळलेली असली की टो-इन, फाकलेली असली की टो-आउट. हा कोन दिसायला नगण्य असतो, पण टायर खाण्यात त्याच्याइतका पटाईत दुसरा कुठलाच कोन नाही. हिशोब करून पाहा. एका चाकाचा टो फक्त १० मिनिटांनी, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाने चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे २.९ मीटर आडवं ओढलं जातं. ५,००० किमीत हे आडवं ओढणं साडेचौदा किलोमीटर होतं. रबर थोडं लवतं, त्यामुळे सगळंच अंतर घासून निघत नाही, पण नक्षी उडवायला तेवढं पुरेसं असतं. कॅम्बरचं तसं नाही. नुसता एक अंश निगेटिव्ह कॅम्बर असेल आणि टो बरोबर असेल, तर टायर आतून जरा लवकर झिजेल, पण ३२,००० किमीत गोटा होणार नाही. कॅम्बर भार कुठल्या कडेवर द्यायचा ते ठरवतो आणि टो त्या कडेला घासतो. निगेटिव्ह कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आले की आतली कड वेगाने जाते. तुमच्या वर्णनाशी हेच जुळतं.

खात्री हाताने करता येते. जुने टायर काढून टाकण्याआधी त्यांच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर झीज टोचीच. बाहेरून आत जाताना गुळगुळीत लागलं तर टो-इन जास्त आहे, आतून बाहेर येताना गुळगुळीत लागलं तर टो-आउट. दोन्ही दिशांनी सारखंच लागलं आणि कड नुसती उतरती झाली असेल, तर कॅम्बरचा विचार करायला हरकत नाही. तार दिसायला लागली असेल तर हात फिरवायच्या भानगडीत पडू नका, हात कापतो. असा टायर एक दिवसही चालवू नका.

बाकीच्या झिजा भराभर सांगतो. नक्षी मधोमध गेली तर हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. टायरच्या घेरावर ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट चट्टे पडले तर शॉकअप बसलाय किंवा बॅलन्सिंग गेलंय. मागच्या टायरच्या ब्लॉकची एक बाजू उंच आणि दुसरी बसकी झाली, वेगात घूं असा आवाज यायला लागला, तर टायर वेळेवर फिरवलेले नाहीत. हा आवाज बेअरिंगचा समजून चांगलं बेअरिंग बदललं जातं. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून आवाजाची जागा बदलते का, ते आधी पाहावं.

एक झीज मात्र आपल्याकडच्या रस्त्यांची आहे आणि तिला बिघाड समजू नये. ताम्हिणी, आंबा, कुंभार्ली असे घाट नेहमी उतरणाऱ्या-चढणाऱ्या गाडीचे पुढचे टायर बाहेरच्या कडेने जास्त झिजणारच, कारण वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो. शहरातही चौकातल्या वर्तुळाला आपण उजवीकडे वळत फेरी घालतो, त्यामुळे पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड थोडी आधी जाते. यावर उपाय टायर फिरवण्याचा. टो बिघडवून ती झीज 'भरून काढू' नये.

आता मूळ प्रश्न. दर ५,००० किमीला अलाइनमेंट होत होती, आकडे हिरवे दिसत होते, तर मग टायर कसे गेले?

सगळ्यात मोठं कारण असं की मशीन उभी गाडी मोजतं. लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असेल तर उभ्या गाडीत चाक आपल्या जागी बसलेलं असतं आणि आकडे बरोबर येतात. ब्रेक दाबला की तेच चाक मागे सरकतं, अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुढे येतं, आणि प्रत्येक वेळी टो बदलतो. चालत्या गाडीचा टो कागदावरच्या टोपेक्षा वेगळाच असतो. अशा गाडीची अलाइनमेंट महिन्याला केली तरी टायर जाणारच. म्हणून रॅम्पवर चढवण्याआधी खालचे भाग तपासायला सांगा, आणि स्वतः जवळ उभे राहा.

तपासायचं असं. पुढचं एक चाक जॅकवर घ्या, गाडीखाली स्टँड लावा. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून आळीपाळीने ओढा-ढकला. खटखट जाणवली तर दुसऱ्या माणसाला टाय रॉड एंडवर (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडतो त्या सांध्यावर) बोटं ठेवायला सांगा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, तिथे नसेल तर रॅक एंड (त्याच दांड्याचा स्टेअरिंग रॅककडचा सांधा) पाहा. तो रबरी बेलोच्या (घड्यांच्या आवरणाच्या) आत असतो, बेलो दाबून बोटांनी चाचपला की कळतो. मग १२ आणि ६ च्या जागी धरा. इथला खेळ बॉल जॉइंटचा (लोअर आर्म आणि नकल जोडणाऱ्या सांध्याचा) किंवा बेअरिंगचा. ब्रेक दाबून धरल्यावर तो नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बुशची तपासणी मात्र चाक जमिनीवर असताना जास्त खरी कळते. एकाने गाडी हळू पुढे-मागे घेत ब्रेक मारायचा, दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून चाकाकडे पाहायचं. ब्रेक लागताना चाक कमानीत पुढे-मागे सरकलं तर बुश गेला. त्यानंतर आर्म आणि बुशच्या रबरामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून अंगाने रेटा दिला की चीर स्पष्ट दिसते. शेवटी बॉनेट उघडून स्ट्रटच्या स्प्रिंगवर हात ठेवा आणि कुणाला तरी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून अडकून झटक्याने फिरत असेल तर वरचं माउंट गेलंय.

यातलं काहीही सैल निघालं तर अलाइनमेंटचे पैसे त्या दिवशी देऊ नका. आधी तो भाग बदला, मग मशीन. आर्मचे बुश बदलताना त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. हे बहुतेक गॅरेजांत पाळलं जात नाही, म्हणून आग्रहाने सांगा.

दुसरं कारण खुद्द मशीनच्या वापरात असतं. चाकाला क्लॅम्प आणि टार्गेट (जिच्याकडे पाहून मशीन कोन मोजतं ती पाटी) लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून घेतात. रिम किंचित वाकडी असेल किंवा क्लॅम्प तिरका बसला असेल, तर ती चूक या ढकलण्याने वजा होते. घाईत ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे फुकट. पुढच्या चाकांखालच्या फिरत्या तबकड्यांच्या पिना काढलेल्या हव्यात, नाहीतर चाक मोकळं होत नाही आणि खोटा टो दिसतो. जॅकवरून उतरवलेली गाडी पुढे-मागे दोन-तीनदा दाबून सस्पेन्शन बसवून घ्यायला हवं. आणि मशीनमध्ये गाडीचं नेमकं मॉडेल, वर्ष, रिमचा आकार निवडलेला हवा. जवळपासचं कुठलंतरी मॉडेल निवडलं की हिरव्या पट्ट्याला अर्थ उरत नाही.

आकडे कुठल्या एककात आहेत हेही बघा. ०°१०' म्हणजे १० मिनिटं, पण ०.१०° म्हणजे फक्त ६ मिनिटं. काही मशीन मिलिमीटरमध्ये दाखवतात. तिन्ही एकमेकांत मिसळून मागच्या वेळच्या कागदाशी तुलना केली की गोंधळ होतो. आणि हिरवा म्हणजे फक्त मर्यादेच्या आत. मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंना १० मिनिटं असेल तर उणे ९, म्हणजे ९ मिनिटं टो-आउट, हासुद्धा हिरवाच. आतून टायर खाणाऱ्या गाडीला अशा टोकाच्या आकड्यावर सोडू नका. कारखान्याने दिलेल्या मर्यादेच्या मध्यावर आणून द्यायला सांगा. चांगला कारागीर ते पाच मिनिटांत करतो.

दर वेळी 'आधीचे' आणि 'नंतरचे' दोन्ही आकडे असलेला कागद घ्या. टायर का झिजला याचं उत्तर 'आधीच्या' रकान्यात असतं. लागोपाठच्या दोन कागदांत, मागच्या वेळी बरोबर करून दिलेला टो पुन्हा त्याच दिशेला गेलेला दिसला, तर काहीतरी सैल आहे किंवा टाय रॉडचा चेकनट (रॉड जागेवर पक्का धरणारा नट) नीट आवळलेला नव्हता.

काम चालू असताना काय पाहायचं तेही सांगतो. क्रम मागून पुढे: आधी मागच्या चाकांचे आकडे बघायचे, मग पुढचे जुळवायचे. तुमच्यासारख्या बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा भाग) असतो आणि त्याचा टो-कॅम्बर जुळवायची सोय नसते, म्हणून दुकानदार तिकडे बघतच नाहीत. पण मागचं डावं आणि उजवं चाक यांच्या टोमध्ये २० मिनिटांचा फरक असेल तर गाडीची चाल मधल्या रेषेपासून १० मिनिटं तिरकी होते. मग सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं, आणि ते सरळ करण्यासाठी पुढचा टो उगाच बदलत बसतात. मागचा आकडा मर्यादेबाहेर असेल तर बीमचे बुश, हब आणि तो ज्यावर बसतो तो स्टब अ‍ॅक्सल तपासावेत. काही गाड्यांत स्टब अ‍ॅक्सल आणि बीम यांच्यामध्ये तिरकी शिम (पातळ पट्टी) घालून दुरुस्ती करता येते. बीमच वाकलेला असेल तर तो बदलणं हाच उपाय.

पुढे, स्टेअरिंग सरळ धरून लॉकने पक्कं केल्यावर टाय रॉडचा चेकनट सैल करतात. त्याच वेळी बेलोची बारीक क्लिप सोडायला हवी. ती न सोडता रॉड फिरवला की बेलो पिळला जातो, फाटतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी-माती रॅकमध्ये शिरते. रॉडचा पाव आटा म्हणजे साधारण १० मिनिटं टो, त्यामुळे पान्याचे मोठे झटके देणारा माणूस दिसला की थांबवा. दोन्ही बाजूंच्या रॉडवर उघडे दिसणारे आटे मोजा. फरक दोन-तीन आट्यांहून जास्त असेल तर कुणीतरी एकाच बाजूने जुळवत आलंय, किंवा एका बाजूचं काहीतरी वाकलंय. रॅक मध्यावर नसली की गाडी एका बाजूला कमी वळते. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आणि स्थिरता-नियंत्रण असलेल्या गाडीत स्टेअरिंगची मधली स्थिती बदलली तर कोन मोजणारा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो. लेन राखणारा कॅमेरा असलेल्या गाड्यांना मागच्या चाकांची दिशा बदलल्यावर कॅमेऱ्याचंही कॅलिब्रेशन लागतं.

आता कॅम्बर 'काढण्या'विषयी. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला वरून एकच स्ट्रट धरतो अशी रचना) असणार आणि त्यात कॅम्बर जुळवायचा स्क्रू नसतो. म्हणून दुकानात हायड्रॉलिक जॅक आडवा लावून स्ट्रट किंवा नकल रेटून वाकवतात, आणि मशीनवर आकडा हिरवा होतो. पण स्ट्रटची नळी वाकली की आतला रॉड सीलवर एका बाजूने घासायला लागतो आणि काही महिन्यांत तेल गळतं. नकल ओतीव असतं. त्याला बारीक तडा गेला तर तो बाहेरून दिसत नाही, आणि ते चाकाला धरून ठेवणारं अंग आहे. हा धोका पत्करण्यासारखा नाही, मग पैसे कितीही कमी पडोत.

कॅम्बर खरोखर चुकला असेल तर तो का चुकला हे आधी शोधतात, आणि त्यासाठी मशीनवरच एसएआय, म्हणजे स्टेअरिंगच्या अक्षाचा आतला कल, मोजता येतो. तो मोजायला चाकं डावी-उजवीकडे ठरावीक कोनात वळवावी लागतात आणि ब्रेक दाबून धरणारी काठी लावावी लागते, म्हणून सहसा टाळतात. तुम्ही आग्रह धरून तो मोजून घ्या. कॅम्बर चुकलाय पण एसएआय बरोबर आहे, तर स्ट्रट किंवा नकल वाकलंय: तो भाग बदला. कॅम्बर निगेटिव्हकडे आणि एसएआय तेवढाच वाढलेला, तर स्ट्रटचा वरचा टॉवर आत आलाय. एका बाजूला एसएआय जास्त आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच कमी असेल तर सबफ्रेम (लोअर आर्म ज्या सांगाड्याला जोडलेले असतात तो) सरकली आहे. तिचे बोल्ट सैल करून ती मध्यावर आणली की दोन्ही कॅम्बर आपोआप जागेवर येतात, एक रुपयाचा भाग न बदलता. सगळे भाग चांगले असूनही थोडा फरक उरला, तर स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (मध्य बाजूला सरकलेला, फिरवला की चाकाचा कल बदलणारा) बसवता येतो. त्यातून एखादा अंश आरामात मिळतो. इनोव्हा क्रिस्टा किंवा फॉर्च्युनरसारख्या डबल विशबोन (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या) गाड्यांत लोअर आर्मलाच एक्सेंट्रिक बोल्ट असतात, तिथे कॅम्बर आणि कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) रीतसर जुळवता येतात. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून टो नेहमी शेवटी.

गाडी एका बाजूला ओढते अशी तक्रारही सोबत असेल, तर पुढचे दोन टायर आपापसांत बदलून पाहा (एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर हे करू नका). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही. रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी डावीकडे उतरता असतो, त्यामुळे स्टेअरिंग सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. बॅलन्सिंगचा ओढण्याशी संबंध नाही. ते बिघडलं की साधारण ८०-१०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं.

नवीन टायर घालताना आधी भाग, मग टायर, मग हवा, मग अलाइनमेंट. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल मर्यादा असतो. हवा थंड टायरमध्ये, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी किंवा फारतर दोन-तीन किलोमीटर चालल्यावर मोजायची. हायवेवर तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा सोडली तर सकाळी तो कमी भरतो, आणि मग दोन्ही कडा झिजतात. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे घाला आणि मागचे चांगले टायर पुढे आणा. पावसात मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं पुढची घसरण्यापेक्षा फार अवघड असतं.

टायर दर ८,००० ते १०,००० किमीला फिरवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे जातात आणि मागचे आडवे पुढे येतात, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बाणाची खूण असलेले टायर मात्र आपल्याच बाजूला मागे-पुढे करायचे. नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळायचे. दर ५,००० किमीला अलाइनमेंट करायलाच हवी असं नाही. १०,००० किमीला किंवा वर्षातून एकदा तपासणी पुरते. त्याखेरीज मोठा खड्डा आपटल्यावर, टायर बदलल्यावर किंवा स्टेअरिंग-सस्पेन्शनचं काम झाल्यावर करावी.

एक नक्षीची खोली मोजणारा गेज विकत घ्या, फार महाग नसतो. नवा टायर साधारण ७ ते ८ मिमीचा असतो आणि खाचेतल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिमीपर्यंत आला की बदलायचा. प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजा आणि तारीख, किलोमीटर घालून लिहून ठेवा. पुढच्या चाकाची आतली बाजू मोजायला स्टेअरिंग टोकापर्यंत वळवा. मागच्या चाकांसाठी वाकून टॉर्च मारावा लागतो, तो कंटाळा करू नका. नवीन टायरवर ५,००० किमी झाल्यावर आत आणि बाहेर यांत ०.२-०.३ मिमीचा फरक असेल तर काळजी नाही. तो अर्ध्या मिमीच्या पुढे गेला असेल तर पुन्हा मशीनकडे जाण्याआधी लोअर आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून बघा.